पिशवीभर फरसबी, तीन वयांची

शेजाऱ्यांच्या परसात फरसबी एकदम आली. त्यांनी खाल्ली, नातेवाइकांना वाटली आणि तरी उरली ती मोठी कापडी पिशवी भरून आमच्या दारात. वजन केलं नाही, पण चार किलोंच्या खाली नक्की नव्हतं. खाणारी माणसं तीन : मी, नवरा आणि माझी आई. रोज दोन्ही वेळा फरसबी केली असती तरी शेवटच्या शेंगा सुकूनच गेल्या असत्या. तेव्हा काही लगेच शिजवायच्या, काही फ्रीजमध्ये, बऱ्याचशा फ्रीझरमध्ये आणि थोड्या व्हिनेगरात, असा बेत ठरला. कोणत्या शेंगा कुठे जाणार हे मात्र शेंगा बघूनच ठरणार होतं.

अशी पिशवी आली की ती तशीच फ्रीजमध्ये कोंबावी आणि उद्या बघू म्हणावं असं वाटतं. मी आत हात घालून पाहिला, तर मधल्या शेंगा चक्क किंचित ऊबदार लागल्या. फरसबी तोडल्यावरही जोरात श्वसन करत असते. त्यात तिची साखर खर्च होते, उष्णता आणि ओलावा बाहेर पडतो. पिशवीत दाबून भरलेल्या ढिगात ही ऊब अडकून राहते आणि तिथूनच शेंगा लिबलिबीत व्हायला लागतात. म्हणून पहिलं काम म्हणजे जुनी चादर अंथरून सगळ्या शेंगा पसरायच्या. पंख्याखाली अर्धा तास राहू दिल्या. तोवर आई खुर्ची ओढून बसलीच होती.

"किती जून आहेत गं ह्यात!" तिनं पहिलीच शेंग मोडून सांगितलं.

होत्याच. परसातली फरसबी कोणी रोज तोडत नाही. पानांआड लपलेली एखादी शेंग राहून जाते आणि दोन-तीन दिवसांत तिचा नूर बदलतो. त्यामुळे एकाच पिशवीत तीन वयांच्या शेंगा येतात, आणि एका पातेल्यात एकाच वेळी शिजवल्या की निम्म्या गाळ होतात, निम्म्या दाताखाली दोऱ्यासारख्या येतात. मग माणसं म्हणतात, फरसबी काही चांगली नव्हती. माझ्या मते फरसबीचं निम्मं शिजवणं निवडतानाच होतं. गॅसपाशी उभं राहून करायचं ते त्या मानानं सोपं.

निवडायची खूण जाडी नाही. चपट्या जातीची शेंग बोटाएवढी रुंद असूनही कोवळी असते आणि गोल, बारीक जातीची शेंग दिसायला नाजूक पण आतून निबर निघू शकते. खरी परीक्षा दोन ठिकाणी. शेंग मधून वाकवली की तडकन मोडली पाहिजे आणि तुटल्या जागी ओल दिसली पाहिजे. वाकून दुमडली तर ती एक तर सुकलेली आहे किंवा जून. दुसरी खूण बियांची. बोट फिरवल्यावर बाहेरून बियांचे उंचवटे लागायला लागले की शेंगेतली गोडी बियांकडे वळलेली असते, तिथे साखरेचं पिठूळ होत असतं आणि साल चामट.

आम्ही तीन ढीग केले. कोवळ्या, सपाट, चकचकीत शेंगा एकीकडे. भरलेल्या पण अजून तडकन मोडणाऱ्या मधल्या शेंगा दुसरीकडे, आणि हाच ढीग सगळ्यात मोठा झाला. तिसरा ढीग जून शेंगांचा. त्यातही ज्यांची साल अगदी चामड्यासारखी झाली होती त्या सोलून आतल्या फिकट बिया वाटीत काढल्या, साल टाकली. बुरशी आलेल्या किंवा चिकट झालेल्या शेंगा सरळ बाहेर. एखाददुसरा गंजासारखा तपकिरी ठिपका असेल तर तेवढा भाग कापून ती शेंग त्याच दिवसासाठी ठेवायची, साठवणीत घालायची नाही.

ढिगात मधेच काही जांभळ्या शेंगा निघाल्या. नवऱ्याला त्या फार आवडल्या, ह्या वेगळ्या ठेव म्हणाला. ठेवल्या, पण शिजवल्यावर त्याची निराशा होणार हे मला माहीत होतं. तो जांभळा रंग पाण्यात विरघळणारा असतो. उकळत्या पाण्यात मिनिट-दोन मिनिटांत तो फिका पडतो आणि खालचा हिरवा वर येतो. चवीत म्हणाल तर हिरव्या शेंगांपेक्षा वेगळं काही नाही.

मग शिरा. हे काम आईचं, आणि तिला ते माझ्यावर सोडवत नाही. देठ नखानं मोडायचा पण पूर्ण तोडायचा नाही. तो धरून शेंगेच्या आतल्या, वाकलेल्या बाजूनं खाली ओढायचा. शीर असेल तर ती दोऱ्यासारखी देठाबरोबर उतरते. तसंच टोकाकडून दुसऱ्या बाजूनं वर. पूर्वी प्रत्येक फरसबीला हे करावंच लागे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ली रॉय गावच्या कॅल्विन कीनी ह्या बियाणेवाल्यानं निवडीतून बिनशिरांची जात तयार केली, ती १८९४ साली बाजारात आली. हल्लीच्या बहुतेक जातींना शिरा नसतात किंवा अगदी नावापुरत्या असतात. ह्या पिशवीतल्या कोवळ्या शेंगांना शीर जवळजवळ नव्हतीच, पण जून शेंगांना दोन्ही बाजूंनी चिवट दोरा निघत होता. चार-पाच शेंगा ओढून बघायच्या, दोरा येत नसेल तर नुसता देठ मोडून मोकळं व्हायचं.

शेंड्यावरून आमचा वाद झाला. त्या निमुळत्या टोकाला काही दोष नसतो, ते कोवळं असतं, शिजतं, ताटात दिसायलाही छान. मी ते ठेवते.

"शेपटी ठेवतेस? पाहुणे आले तर काय म्हणतील?"

"आई, पाहुणे नाहीयेत. आपणच आहोत."

तिनं तिच्या वाटणीच्या शेंगांची टोकं काढली, मी माझ्या वाटणीच्या ठेवल्या. खाताना कोणाला कळलं नाही.

फ्रीजमध्ये जायच्या शेंगा मात्र ह्या सगळ्यातून वगळल्या. त्या धुवायच्या नाहीत, देठ मोडायचे नाहीत, चिरायच्या तर नाहीतच. देठ मोडला की तिथून ओल जाते आणि तीच जागा आधी तपकिरी होते. धुतलेल्या शेंगांवर पाणी राहिलं की बुरशीला आमंत्रण. फरसबीला हवेत भरपूर दमटपणा लागतो, पण अंगावर पाण्याचा थेंब चालत नाही. तिच्या साठवणीतली सगळी अडचण ह्या एका वाक्यात आहे. मी भोकं पाडलेल्या पिशवीत तळाला कोरडा सुती रुमाल घालते, वर शेंगा सैलसर भरते आणि पिशवीचं तोंड नुसतं दुमडते. पिशवीला आतून घाम आलेला दिसला तर रुमाल बदलायचा.

थंडीचंही तिचं एक गणित आहे. उष्ण हवेतलं झाड असल्यामुळे फार थंडी तिला बाधते. ५ ते ७ अंश सेल्सिअस तिला मानवतं. त्याखाली जास्त दिवस राहिली तर फ्रीजमध्ये असेपर्यंत ठीक दिसते, पण बाहेर काढून ठेवली की सालीवर बारीक खड्डे आणि गंजासारखे डाग उमटतात. म्हणून फ्रीजच्या मागच्या भिंतीला लागून, जिथे कधीकधी बर्फ धरतो, तिथे तिला ठेवत नाही. भाजीच्या कप्प्यात, तोही पुढच्या बाजूला. त्या कप्प्यातून सफरचंदं मात्र काढली. पिकणारी फळं इथिलीन वायू सोडतात आणि त्यानं फरसबीचा हिरवा रंग लवकर उडतो, डाग पडतात. अशा व्यवस्थेत चांगली शेंग आठवडाभर नीट राहते. त्यापुढे राहतेही, पण मोडताना तडकन आवाज येत नाही आणि गोडी गेलेली असते. म्हणून फ्रीजमध्ये मधल्या ढिगातला आठवडाभर पुरेल एवढाच भाग ठेवला.

त्या संध्याकाळी कोवळ्या शिजवल्या. त्यांना थांबवून ठेवण्यात अर्थ नसतो. मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्याचं आधण ठेवलं, लिटरमागे साधारण २० ग्रॅम मीठ घातलं. हे मीठ नुसतं चवीपुरतं नाही, त्यानं शेंगा लवकर मऊ होतात. पाणी खळखळ उकळल्यावर शेंगा अख्ख्याच टाकल्या, झाकण ठेवलं नाही. पहिल्या अर्ध्या-एक मिनिटात त्या एकदम झगझगीत हिरव्या होतात. पेशींच्या मधली हवा निघून जाते आणि आतला रंग स्वच्छ दिसायला लागतो. हा रंग बघून शेंगा काढायच्या नाहीत, त्या वेळी त्या आतून कच्च्याच असतात. चार मिनिटांनी एक काढून चावून बघितली. दाताखाली करकर आवाज आला. अजून मिनिटभर. मग आवाज गेला, पण चावताना थोडा जोर लागत होता. तिथे गॅस बंद, शेंगा रोळीत.

कच्च्या शेंगेबद्दल इथेच सांगते, कारण हल्ली सगळ्या भाज्या कच्च्या सॅलडमध्ये घालायची हौस दिसते. फरसबी कच्ची खाऊ नये. राजमा आणि फरसबी एकाच वनस्पतीच्या. राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन भरपूर असतं, शेंगेत कमी, पण असतं. त्यानं मळमळ, उलट्या, जुलाब होऊ शकतात. नीट उकळल्यावर ते निकामी होतं. मंद आचेवर नुसतं कोमट-गरम ठेवून होत नाही. म्हणूनच सोललेल्या बियांची ती वाटी मी वेगळ्या भांड्यात घालून खळखळ उकळीवर अर्धा तास शिजवली. ताज्या बिया मऊ तशा लवकर होतात, पण मी घड्याळच बघते.

कोवळ्या शेंगा निथळल्या, कढईत थोडं तेल, ठेचलेला लसूण, त्यात शेंगा मिनिटभर परतल्या, वर मिरपूड. लिंबू ताटात. हे लिंबू कढईत पिळलं तर रंगाचा घात होतो. हिरव्या रंगाच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियम असतं. आंबट पदार्थ ते बाहेर काढतो आणि हिरवा रंग शेवाळी-तपकिरी होतो. शेंगेत स्वतःचीही थोडी आम्लं असतात, उकळताना ती वाफेबरोबर जातात. झाकण ठेवलं तर ती वाफ थेंब होऊन परत पातेल्यात पडते, म्हणून झाकण नको आणि पाणी भरपूर हवं.

"चिमूटभर सोडा घाल, रंग हलत नाही," आई म्हणाली. खरं आहे, नाही हलत. सोड्यानं पाणी आम्लाच्या उलट बाजूला जातं आणि हिरवेपणा पक्का राहतो. पण पेशींच्या भिंती त्याच सोड्यात विरघळायला लागतात, शेंग बुळबुळीत होते आणि क जीवनसत्त्वही जातं. शंभर ग्रॅम कच्च्या फरसबीत ते जेमतेम १२ मिलिग्रॅम, त्यातलंही घालवायचं कशाला! आईनं मान हलवली आणि सोड्याचा डबा परत ठेवला. तिला पटलं की ती नुसती दमली होती, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी फ्रीझरचं काम. ह्याला मदतनीस हवा, एकट्यानं केलं तर पाणी उकळतंय इथे आणि बर्फ वितळतोय तिथे. मधल्या ढिगातल्या उरलेल्या शेंगा वाहत्या पाण्याखाली धुतल्या, मग देठ मोडले, दोन पेरांएवढे तुकडे केले. आधी धुवायचं, मग चिरायचं. उलट केलं तर चिरलेल्या टोकांतून रस पाण्यात जातो.

तशाच कच्च्या शेंगा फ्रीझरमध्ये टाकल्या तर काय बिघडतं? पहिले काही आठवडे फारसं काही नाही. पण गोठलेल्या शेंगेतही तिची विकरं, म्हणजे एन्झाइम्स, हळूहळू काम करत राहतात. दोन-तीन महिन्यांत रंग मळकट होतो आणि चवीला सुकलेल्या गवताची झाक येते. उकळत्या पाण्यातून काढल्यानं ही विकरं थांबतात. फरसबीसाठी वेळ तीन मिनिटं, आणि तो मोजायचा पाणी पुन्हा उकळायला लागल्यापासून. पाणी मिनिटभरात पुन्हा उकळलं पाहिजे, नाहीतर एका वेळी शेंगा जास्त टाकल्यात असं समजायचं. साधारण अर्ध्या किलोला चार लिटर पाणी धरतात. माझं मोठं पातेलं तेवढं मोठं नाही, म्हणून पाव-पाव किलोचे घाणे काढले. कंटाळवाणं आहे, पण इथे घाई नडते. पाणी पुरेसं गरम नसेल किंवा वेळ अपुरा पडला तर विकरं थांबण्याऐवजी आणखी चेकाळतात, आणि त्यापेक्षा काहीच न केलेलं बरं असं होतं. वाफेवर करायचं असेल तर दीडपट वेळ, म्हणजे साडेचार मिनिटं, आणि चाळणीत शेंगांचा एकच थर.

तीन मिनिटं झाली की झाऱ्यानं काढून थेट बर्फाच्या पाण्यात. तिथेही तीन मिनिटं. हे नवऱ्याकडे होतं. त्यानं मोबाइलवर वेळ लावली होती आणि प्रत्येक वेळी घंटा वाजली की माझ्या घाण्याची की त्याच्या, ह्यावर चर्चा. बर्फ दुपारपर्यंत संपला. मग नळाचं थंड पाणी दोनदा बदलून वापरलं. पाणी खरोखर गार असेल तर चालतं. आतपर्यंत थंड होणं महत्त्वाचं, नाहीतर शेंग आपल्याच उष्णतेनं शिजत राहते.

ह्यानंतर कोरडं करणं. लोक बहुधा इथेच कंटाळतात आणि ओल्याच शेंगा पिशवीत भरतात. मग फ्रीझरमधून निघतो तो हिरवट बर्फाचा दगड. मी पंचावर पसरून वरून दुसऱ्या पंचानं टिपून घेतल्या, अर्धा तास वाऱ्यावर राहू दिल्या, ताटात एका थरात मांडून फ्रीझरमध्ये ठेवल्या. सुट्या-सुट्या गोठल्यावर पिशव्यांत भरल्या, हाताने दाबून हवा काढली, तोंड बंद केलं. हवा राहिली की शेंगांतलं पाणी वाफ होऊन उडतं, पांढरे कोरडे चट्टे पडतात आणि पिशवीत बर्फाचा भुगा साचतो. एका पिशवीत एका वेळची भाजी. तारीख लिहिलेली चिकटपट्टी. उणे १८ अंशांवर आठ-दहा महिने चव चांगली राहते. सगळी ताटं एकदम आत ढकलली नाहीत. फ्रीझरवर एकाच वेळी भार टाकला तर शेंगा हळूहळू गोठतात, बर्फाचे कण मोठे होतात आणि पेशी फाटतात.

एक छोटी बरणी व्हिनेगरची केली. बरणीच्या उंचीएवढ्या सरळ शेंगा निवडून तीन मिनिटं उकळून घेतल्या, उभ्या भरल्या, लसणाच्या पाकळ्या आणि मिरीदाणे टाकले. ५ टक्के आम्लतेचं व्हिनेगर आणि पाणी समसमान, त्यात मीठ, हे उकळून वरून ओतलं, शेंगा पूर्ण बुडाल्या पाहिजेत. गार झाल्यावर बरणी थेट फ्रीजमध्ये. आठवड्यानं खायला लागायचं. रंग शेवाळी होतो, लिंबाच्याच कारणानं. त्याला इलाज नाही आणि इलाज हवाच असं मला वाटतही नाही.

हीच बरणी व्हिनेगराशिवाय, नुसत्या मिठाच्या पाण्यात उकळून, झाकण घट्ट लावून मांडणीवर ठेवता येईल का, असं नवऱ्यानं विचारलं. अजिबात नाही. फरसबीत आंबटपणा फार कमी. हवाबंद, आंबट नसलेल्या, ओल्या जागेत बोट्युलिझम ह्या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढून विष तयार करू शकतात आणि त्यांचे बीजाणू उकळत्या पाण्याला दाद देत नाहीत. त्यांना सुमारे १२१ अंशांची दाबाखालची वाफ लागते, आणि तीही त्यासाठीच बनवलेल्या यंत्रात, ठरलेल्या दाबावर, ठरलेला वेळ. रोजचा कुकर म्हणजे ते यंत्र नव्हे. हे विष वासावरून किंवा चवीवरून ओळखू येईलच असं नाही. घरी बरणीबंद करण्याची सामग्री नसेल तर फ्रीझर आहेच.

फ्रीजमधल्या मधल्या शेंगा आठवड्यात दोनदा झाल्या, दोन्ही वेळा तव्यावर. ह्या शेंगा उकळून खाल्ल्या तर ठीक लागतात, भाजल्यावर मात्र त्यांच्यात जीव येतो. जाड बुडाचा तवा चांगला तापवायचा, शेंगा धुऊन अगदी कोरड्या पुसायच्या, थोडंसं तेल लावून एका थरात पसरायच्या आणि दोन मिनिटं हात लावायचा नाही. हलवत राहिलं की त्या वाफाळतात, डाग पडत नाहीत. सालीवर काळपट फोड आले की उलटायच्या. सहा-सात मिनिटांत बाहेरून भाजल्या जातात, पण भरलेल्या शेंगा आतून कच्च्या राहतात. म्हणून शेवटी दोन-तीन चमचे पाणी शिंपडून झाकण, तीन-चार मिनिटं वाफ, आणि एक चावून बघायची. मीठ शेवटी, आधी घातलं तर पाणी सुटतं. हल्ली मला उकळलेल्यांपेक्षा ह्याच जास्त आवडतात.

आणि जून ढीग? तो कुणाला नको असतो, पण ह्या पिशवीतला सगळ्यात चविष्ट प्रकार त्याचाच झाला असं माझं मत आहे. कोवळ्या भाजीचा रंग शाबूत ठेवण्याचं एवढं स्तोम माजलंय की मनसोक्त शिजवलेल्या शेंगेला कुणी मान देत नाही. दोन्ही बाजूंच्या शिरा काढून मोठे तुकडे केले. जाड पातेल्यात सढळ हातानं तेल, दोन कांदे उभे चिरून मंद आचेवर गुलाबी होईपर्यंत, त्यात शेंगा, मीठ, पेलाभर पाणी, झाकण. अर्ध्या तासानं, शेंगा बोटानं दाबल्या जायला लागल्यावर, टोमॅटो घातले. हा क्रम महत्त्वाचा आहे. आंबटपणात पेशींच्या भिंती मऊ होत नाहीत, टोमॅटो आधी घातले असते तर शेंगा तासभर तशाच राहिल्या असत्या. जड पाण्यातल्या कॅल्शियमचाही असाच परिणाम होतो, तुमच्याकडे पाणी जड असेल तर दहा-पंधरा मिनिटं जास्त धरा. टोमॅटोनंतर आणखी वीस मिनिटं, मग उकडलेल्या बियांची ती वाटी त्यात रिकामी केली. रंग पूर्ण गेलेला, शेंगा तेल-कांदा-टोमॅटो पिऊन लोण्यासारख्या. दुसऱ्या दिवशी त्या आणखी मुरल्या. आई, जिनं पहिल्याच शेंगेला नाक मुरडलं होतं, तिनं पातेलं पुसून घेतलं.

फ्रीझरमधली पहिली पिशवी नंतर काढली. ती बाहेर ठेवून वितळू द्यायची नाही, वितळताना पाणी सुटून शेंगा लुळ्या पडतात. गोठलेल्याच उकळत्या रश्श्यात किंवा तापलेल्या कढईत टाकायच्या. अर्धा रस्ता त्या आधीच शिजलेल्या असतात, वेळ कमी लागतो. ताज्या शेंगेची करकर त्यांच्यात राहत नाही, घरच्या फ्रीझरकडून ती अपेक्षा करू नये. त्यामुळे थंड सॅलडला किंवा तव्यावर भाजायला त्या घेत नाही. सूप, रस्सा, बटाट्याबरोबर मंद आचेवरचं शिजवणं, इथे त्या चोख चालतात. शिजलेली फरसबी उरली तर झाकून फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहते, फक्त लिंबू वाढतानाच पिळायचं.